नोटीस लागली

गिरणगावात पगारकपातीची बातमी दोन ठिकाणी कळायची. एक म्हणजे फाटकातून आत गेल्यावर टाइम ऑफिसच्या भिंतीवरचा फळा, दुसरी पगाराची खिडकी. फळ्यावरची बातमी निदान आधी कळायची. खिडकीशी कळली तर महिनाभराचं काम होऊन गेलेलं असायचं, वाण्याची उधारी चढलेली असायची, गावी मनीऑर्डर पाठवण्याचा शब्द दिलेला असायचा आणि हातात पडलेले पैसे मोजताना ते कमी भरायचे. मुंबईच्या कापड धंद्याच्या इतिहासात संप किती झाले, किती दिवस बुडाले, कपात किती टक्के होती, हे सगळं नोंदलेलं आहे. ती कपात कामगाराला सांगितली कोणी, कुठे उभं राहून आणि कोणत्या वेळी, हे मात्र त्यात ओझरतंच येतं. परळच्या एका गिरणीत लेबर ऑफिसर म्हणून मी उमेदीची वर्षं काढली. नोटीस टाइप करून घेणं, मॅनेजरची सही घेणं आणि ती फळ्यावर लावणं हे माझ्या कामातच होतं. त्यामुळे हा प्रश्न मला लहान वाटत नाही.

ताडदेवला कावसजी दावर यांची पहिली कापडगिरणी १८५६ साली सुरू झाली. तेव्हापासून पुढची सत्तर-ऐंशी वर्षं कामगार आणि मालक यांच्यामध्ये एकच माणूस उभा होता, तो म्हणजे जॉबर. कोणी त्याला मुकादम म्हणे. वायंडिंगसारख्या बायकांच्या खात्यात त्याच जागी नायकीण असे. गावाहून माणूस आणायचा जॉबरनं, कामाला लावायचा त्यानं, काढायचाही त्यानंच. चाळीतल्या गाळ्यात जागा मिळवून देणारा आणि अडल्यावेळी व्याजानं पैसे देणाराही बहुतेक तोच. मालक गिरणीत क्वचित दिसे. खात्याचा प्रमुख, म्हणजे मास्तर, पुष्कळदा इंग्रज किंवा पारशी, कामगाराची भाषा त्याला जेमतेम कळायची. त्यामुळे वर ठरलेली प्रत्येक गोष्ट जॉबरच्या तोंडूनच खाली यायची.

आता माणसं कमी करायची बातमी कामगाराकडे कशी पोचायची ते पाहा. चार माणसं कमी करायची आहेत असं मास्तर त्याला सांगे. कोणती चार, हे जॉबर ठरवी. मग बातमी सगळ्यांना एकदम कळण्याऐवजी थेंबाथेंबानं झिरपे. ज्याची दस्तुरी, म्हणजे जॉबरला द्यायची लाच, वेळेवर पोचली त्याला अभय, ज्याची राहिली त्याच्या कानावर आधी कुजबुज आणि मग थेट निरोप. ठरलेला निर्णय आणि जाहीर झालेला निर्णय यांच्यामधले ते चार-सहा दिवस जॉबरच्या कमाईचे असत. अर्थात सगळे जॉबर असे नव्हते. संपात आपल्या माणसांबरोबर बाहेर पडलेले जॉबरही पुष्कळ होते, कारण त्यांची पत त्या माणसांवरच उभी होती. पण आपलं काय होणार हे कामगाराला वेळेवर आणि खरं कळावं, अशी सोय त्या व्यवस्थेत नव्हती.

नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या आणि ५,५०० जणांच्या सह्यांचा अर्ज सरकारच्या फॅक्टरी कमिशनपुढे ठेवला. रविवारची सुट्टी, दुपारची अर्धा तास विश्रांती या मागण्या सगळ्यांना माहीत आहेत. त्याच अर्जात, महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत मिळावा, अशीही एक मागणी होती. म्हणजे तेव्हा पगार त्याच्याही पलीकडे जात असे. पगार इतका लांबला की कपातीची बातमीही तितकीच लांबते, आणि ती कळते तेव्हा माणूस दीड महिना नव्या दरानं राबलेला असतो.

१९२४ च्या जानेवारीत दीड लाखाच्या आसपास कामगार बाहेर पडले ते बोनससाठी. महायुद्धाच्या तेजीत गिरण्यांनी भरपूर कमावलं होतं आणि चार-पाच वर्षं कामगारांना वार्षिक बोनस मिळत होता. १९२३ सालचा तो मिळणार नाही असं मालकांनी ठरवलं. मालकांच्या लेखी ती खुशीची देणगी होती. कामगारांनी मात्र त्या पैशांवर लग्नं ठरवली होती, कर्जं फेडायचे वायदे केले होते. मुख्य न्यायमूर्ती सर नॉर्मन मॅक्लिऑड यांच्या समितीनं कामगारांचा बोनसवर रिवाजानं, कायद्यानं किंवा न्यायानं कसलाही हक्क पोचत नाही असा निर्वाळा दिला, आणि मार्चमध्ये माणसं हात हलवत कामावर परतली. मला वाटतं, कायद्याच्या बाजूनं समितीचं म्हणणं टिकलं असेल. पण वर्षानुवर्षं देत आलेली गोष्ट थांबवायची तर ती का थांबते हे देणाऱ्यानं घेणाऱ्याला समोर येऊन सांगितलं पाहिजे. ते कोणी केलं नाही.

त्याच्या पुढच्याच वर्षी जे घडलं ते मला फार महत्त्वाचं वाटतं, कारण त्यात पहिल्यांदाच कपातीबरोबर तिचं कारण आणि तिची अटही उघड बोलली गेली. १९१४ च्या मूळ पगारावर महागाईमुळे जी वाढ मिळत होती, तिच्यातले २० टक्के मालक संघानं काढून टाकायचं ठरवलं. एकूण पगारात ती घट साडेअकरा टक्क्यांची होती आणि १ सप्टेंबर १९२५ पासून लागू झाली. जपानी मालाची स्पर्धा, पडून राहिलेलं कापड आणि देशी कापडावरचा साडेतीन टक्के अबकारी कर, ही कारणं मालकांनी दिली. सरकारनं हा कर उठवला तर आम्ही पगार पूर्ववत करू, असंही त्यांनी सांगितलं. तो कर १८९६ पासून साडेतीन टक्के होता आणि लँकेशायरच्या हितासाठी बसवलेला म्हणून सगळ्या देशात बदनाम होता. १५ सप्टेंबरपासून गिरण्या बंद पडत गेल्या. अडीच महिने संप चालला. डिसेंबरच्या आरंभी व्हाइसरॉयनं कर स्थगित केला, मालकांनी कपात मागे घेतली आणि भोंगे पुन्हा वाजले.

मालकांनी कामगारांच्या पोटाचा दबाव सरकारवर आणण्यासाठी वापरला, असं म्हणणारे अभ्यासक आहेत आणि त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. तरीही मी १९२५ ला वेगळं मानतो. काय झालं तर पगार परत मिळेल, हे त्या वर्षी कामगाराला ठाऊक होतं. जे सांगितलं होतं ते पाळलंही गेलं. अडीच महिने बिनपगारी काढलेल्या माणसाला या दोन गोष्टींचं मोल विचारा.

१९२८ मध्ये यातलं काहीच राहिलं नाही. रुपयाच्या एक शिलिंग सहा पेन्सच्या हुंडणावळीनं परदेशी माल स्वस्त केला होता, टॅरिफ बोर्डानं गिरण्यांना कार्यक्षमता वाढवायला सांगितलं होतं, आणि ससून गटाच्या गिरण्यांनी नवी पद्धत आणली. विणकरानं दोनऐवजी तीन साचे, म्हणजे माग, सांभाळायचे, रिंगखात्यात एका बाजूऐवजी दोन बाजू बघायच्या. राहिलेल्या माणसाला थोडे पैसे जास्त मिळणार होते, पण त्याच्या शेजारचा माणूस घरी जाणार होता. शिवाय कापडाचा प्रकार बदलला की दर बदलायचे, आणि नव्या दरानं आपलं किती बसेल हे विणकराला हिशेब हातात येईपर्यंत उमगत नसे. २६ एप्रिलला सुरू झालेला संप ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत चालला. या संपातून गिरणी कामगार युनियन उभी राहिली. डांगे यांच्यासारखे कम्युनिस्ट पुढारी त्यात होते, पण युनियनचा अध्यक्ष होता अर्जुन आत्माराम आळवे, स्वतः गिरणीत राबलेला माणूस. संप समितीनं सतरा मागण्या मांडल्या. त्यात पैशांच्या मागण्या होत्याच, पण आम्हाला न विचारता कामाच्या अटी बदलू नका, हाही त्यांचा गाभा होता. विणाई खात्यात अस्पृश्य मानलेल्या कामगारांना प्रवेश नव्हता. डॉ. आंबेडकरांनी त्याच काळात तो प्रश्न पुढाऱ्यांपुढे रोखठोक ठेवला. ज्यांना न विचारता सगळं ठरायचं, त्यांच्यातही कोणाला तरी अजिबातच विचारलं जात नव्हतं, हे इथे नोंदवायला हवं.

माझ्या खुर्चीचा जन्म यानंतरचा. व्हिटली यांच्या अध्यक्षतेखालच्या शाही कमिशननं १९३१ मध्ये अहवाल दिला. जॉबरकडून माणसं नेमण्याचे आणि काढण्याचे अधिकार काढून घ्या आणि गिरण्यांनी लेबर ऑफिसर नेमावेत, असं त्यात म्हटलं होतं. १९३४ चा संप पुन्हा पगारकपातीवरूनच झाला. त्यानंतर मुंबई सरकारनं कायदा करून कामगारांच्या तक्रारी पाहणारा सरकारी लेबर ऑफिसर नेमला. १९३५ मध्ये बदली कामगारांची कार्डं सुरू झाली, म्हणजे गैरहजरांच्या जागी सकाळी फाटकाशी उभं राहणाऱ्यांतून कोणाला आत घ्यायचं ही जॉबरची मर्जी थोडी आवरली गेली. १९४८ च्या फॅक्टरी कायद्यानं पाचशे किंवा अधिक कामगार असलेल्या कारखान्यात कल्याण अधिकारी सक्तीचा केला.

मग आला कायद्यांचा काळ, आणि या कायद्यांचं मला मनापासून कौतुक आहे. पगार कोणत्या तारखेच्या आत द्यायचा, दंड कशाबद्दल लावता येतो, हे १९३६ च्या कायद्यानं ठरलं. स्थायी आदेश इंग्रजीत आणि बहुसंख्य कामगारांना समजेल त्या भाषेत, फाटकाजवळ फळ्यावर लावले पाहिजेत, हे १९४६ च्या कायद्यानं ठरलं. १९५३ मध्ये कापडाचे साठे तुंबून माणसं घरी बसवायची वेळ आली, तेव्हा ले-ऑफची निम्म्या पगाराची भरपाई आली. कमी करायचंच असेल तर शेवटी आलेला आधी जाईल, त्याला महिन्याची नोटीस आणि दर वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार मिळेल, हेही तेव्हाच आलं. ज्येष्ठतेची यादी आधी फळ्यावर लावायची सक्ती झाली आणि जॉबरच्या कुजबुजीचा धंदाच बसला. सेवाशर्तीत बदल करायचा तर २१ दिवस आधी नोटीस द्या, हे औद्योगिक कलह कायद्यात १९५६ साली आलं.

मुंबईच्या गिरण्यांना मात्र वेगळा कायदा होता, १९४६ चा बॉम्बे इंडस्ट्रियल रिलेशन्स ॲक्ट, म्हणजे बी.आय.आर. बदलाची नोटीस त्यातही होती, पण ती जायची मान्यताप्राप्त संघटनेकडे. कापड धंद्यात ही मान्यता राष्ट्रीय मिल मजदूर संघाची. म्हणजे परळच्या मजदूर मंझिलमध्ये, संघाच्या कचेरीत, कागद पोचला, तिथे बोलणी झाली, सह्या झाल्या, आणि साच्यावर उभ्या माणसाला ते सगळं झाल्यावर फळ्यावर वाचायला मिळालं. कायद्याच्या दृष्टीनं त्याला कळवलेलं होतं. त्याच्या दृष्टीनं त्याला कोणी काही विचारलं नव्हतं. १९८२ च्या संपात बी.आय.आर. रद्द करा ही मागणी इतकी वर का आली, हे ज्यांना कळत नाही त्यांनी त्या फळ्यासमोर पाच मिनिटं उभं राहायला हवं होतं.

तो फळा मला अजून दिसतो. लाकडी चौकट, पुढे बारीक जाळीचं दार, दाराला कुलूप, किल्ली टाइम कीपरच्या कमरेला. डावीकडे इंग्रजी, उजवीकडे मराठी, दोन्ही स्टेन्सिलवर काढलेलं, शाई मध्येच पुसट. पाळी सुटली की पन्नास-साठ माणसं एकदम तिथे येत. पुढचा कोणीतरी मोठ्यानं वाचायचा आणि मागचे त्याचे शब्द आणखी मागे सांगायचे. तिसऱ्या ओळीतल्या माणसापर्यंत पोचेतो तारखा बदललेल्या असायच्या. वायंडिंगच्या बायका थोड्या बाजूला उभ्या राहून ओळखीच्या कामगाराची वाट बघायच्या.

सत्तरच्या दशकात एकदा आमच्या गिरणीत कापड फार साठलं आणि तिसरी पाळी काही काळ बंद करायची ठरली. नोटीस मी तयार केली. आमचे विणाईचे मास्तर साताऱ्याकडचे, व्ही.जे.टी.आय.मधून शिकून आलेले, बोलायला कमी. त्यांनी मला सांगितलं, "नोटीस लावा, पण साडेतीननंतर. आधी मी बोलतो." दुपारी साडेतीनला पहिली पाळी सुटते आणि दुसरी चढते, तेव्हा दोन्ही पाळ्यांची माणसं खात्यात असतात. तिसऱ्या पाळीच्या लोकांनाही त्यांनी निरोप देऊन बोलावून घेतलं होतं. त्यांनी दोन गल्ल्यांमधले साचे थांबवायला लावले. चालू साच्यांच्या खात्यात ओठ वाचूनच बोलावं लागतं, त्यामुळे त्या दोन गल्ल्या गप्प झाल्या तशी माणसं आपोआप गोळा झाली.

मास्तर एका खोक्यावर उभे राहिले. हातात गोदामाचा कागद होता. किती गाठी पडून आहेत, गेल्या तीन महिन्यांत किती उचलल्या गेल्या, हे त्यांनी आकड्यांनी वाचलं. मग किती साचे थांबणार, कोणत्या तारखेपासून, कायम कामगारांना ले-ऑफचे किती मिळतील ते सांगितलं. बदलीवाल्यांना काही मिळणार नाही, हेही त्यांनी त्याच आवाजात सांगितलं, कुठे शब्द गिळला नाही. शेवटी ज्येष्ठतेची यादी वाचली, तिकीट नंबर आणि नावासकट.

मागून एक जुना साचेवाला म्हणाला, "मास्तर, पाळी बंद व्हणार ते समजलं. परत कवा सुरू व्हणार, येवढं सांगा."

"ते मला माहीत नाही," मास्तर म्हणाले. "एक तारखेला याच वेळेला मी इथे येतो. तोवर जे ठरेल ते सांगतो. काही ठरलं नसेल तर तसं सांगतो."

एक तारखेला काही ठरलेलं नव्हतं. ते आले आणि तसं सांगून गेले. पुढच्या एक तारखेलाही आले.

त्याच सुमारास शेजारच्या एका गिरणीत हीच नोटीस दुसरी पाळी सुटल्यावर, मध्यरात्री लागली. सकाळी सातला आलेल्या माणसांना ती दिसली तेव्हा मॅनेजर किंवा मास्तर कोणीच जागेवर नव्हते. टाइम ऑफिसच्या काचा फुटल्या, आठवडाभर गिरणी बंद राहिली, पोलीस बसले. दोन्हीकडे थांबलेल्या साच्यांचं प्रमाण जवळजवळ सारखं होतं, भरपाई तर कायद्यानं ठरलेलीच. आमच्याकडे कोणी खूश झालं असं मी म्हणणार नाही. बदलीवाल्यांच्या घरी चूल पेटण्याची पंचाईत झाली ती झालीच, आणि त्यातले काही गावी गेले ते परतले नाहीत. पण मास्तर दुसऱ्या दिवशी खात्यात एकटे फिरले आणि माणसं त्यांच्याशी बोलली.

माझी पुतणी पवईतल्या एका कंपनीत लहानशा टीमची मॅनेजर आहे. गेल्या वर्षी तिच्या खात्याचं बजेट कापलं गेलं. दोन जागा भरायच्या नाहीत, बोनस नाही, प्रशिक्षण बंद. वरून तिला एक तयार मजकूर आला होता, तोच टीमला मेलनं पाठवायचा. तिनं मला फोन केला, "काका, तुम्ही हेच करायचात ना? कसं सांगायचात?" मी तिला मास्तरांची साडेतीनची गोष्ट सांगितली. मेल जाऊ दे, तो तुझा फळा आहे, पण त्याच्याआधी तू बोल, म्हटलं. आकडे घेऊन जा. ज्याला काहीच मिळणार नाही त्याच्याबद्दल सगळ्यात स्पष्ट बोल. माहीत नसेल ते माहीत नाही म्हण, आणि पुन्हा कधी येणार ती तारीख दे. आणि लोकांनी हप्ते, फिया भरायच्या आत सांग. पगाराच्या दिवशी सांगू नकोस.

१८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, त्यानंतरचं मी इथे लांबवत नाही. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली. संप रीतसर मिटला असा दिवसच उजाडला नाही. काही गिरण्या सरकारनं ताब्यात घेतल्या, काही अर्धवट चालल्या, नव्वदीत स्वेच्छानिवृत्तीचे फॉर्म आले. त्या काळात कित्येकांना गिरणी बंद झाल्याचं फाटकावरच्या कुलपानं सांगितलं. त्यांच्यासमोर उभं राहून बोलायला कोणी आलं नाही. गिरणगावावर झालेल्या अन्यायांत मी हा मोजतो, आणि तो लहान मानत नाही.

गिरण्या पडल्या तशा त्यांच्या कचेऱ्यांतल्या फायली रद्दीत गेल्या. नोटिसांच्या प्रती, मस्टर, ज्येष्ठतेच्या याद्या, किलोवर. मीना मेनन आणि नीरा आडारकर यांनी गिरणगावातल्या माणसांच्या मुलाखती घेऊन पुस्तक केलं, ते मोठं काम आहे, पण दोघींनी किती जणांपर्यंत पोचायचं? ज्यांच्या घरात अजून गिरणीत राबलेलं कोणी आहे, आजोबा, वडील, वायंडिंगमध्ये काम केलेली आजी, त्यांनी एवढं करावं. बदलीचं कार्ड, पगाराची चिठ्ठी, एखादी नोटीस ट्रंकेत असेल तर टाकू नका. त्यामागे गिरणीचं नाव, खातं आणि साल पेन्सिलीनं लिहून ठेवा. आणि त्यांना विचारा, पगार कापला किंवा काम सुटलं तेव्हा तुम्हाला ते कोणी सांगितलं? जे सांगतील ते उतरवून घ्या. हे सांगू शकणारी माणसं आता ऐंशीच्या घरात आहेत.